बेदरकारपणे गाडी चालवणाऱ्या व्यावसायिक खेळाडूची नोकरी जावी का?

दक्षिणायन (धागाकर्ता):

२ नोव्हेंबर २०२१ च्या पहाटे लास वेगास शहरात हेन्री रग्ज या अमेरिकन फुटबॉलपटूने आपली कॉर्व्हेट ताशी सुमारे २५१ किलोमीटर वेगापर्यंत नेली. पुढच्या गाडीवर ती आदळली तेव्हाही वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर होता. त्या गाडीने पेट घेतला आणि आत असलेली २३ वर्षांची तरुणी आणि तिचा कुत्रा मरण पावले. रग्जच्या १०० मिलिलिटर रक्तात १६१ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला. नेवाडा राज्याची मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे आणि आपल्या मोटार वाहन कायद्याची ३० मिलिग्रॅम. लास वेगास रेडर्स या त्याच्या संघाने त्याच दिवशी त्याला काढून टाकले. २०२० च्या खेळाडू निवडीत ज्याला पहिल्याच फेरीत बाराव्या क्रमांकावर घेतले होते, त्याला ऑगस्ट २०२३ मध्ये ३ ते १० वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

त्याच लीगमधले, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक स्पर्धेतले, दुसरे प्रकरण ३० मार्च २०२४ चे आहे. कॅन्सस सिटी चीफ्सचा रशी राइस डॅलसमधील द्रुतगती मार्गावर ताशी किमान १९१ किलोमीटर वेगाने लँबोर्गिनी चालवत होता. अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या, माणसे जखमी झाली आणि राइस त्यांची विचारपूस न करता पायीच तेथून निघून गेला. जुलै २०२५ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, तेव्हा ३० दिवसांचा कारावास आणि पाच वर्षांची परिवीक्षा (तुरुंगाबाहेर, पण न्यायालयाच्या अटींखाली आणि देखरेखीखाली राहणे) अशी शिक्षा ठरली. लीगने त्याला सहा सामन्यांसाठी निलंबित केले. संघाने मात्र त्याचा करार कायम ठेवला.

ही दोन्ही प्रकरणे सारखी आहेत असे मी म्हणत नाही. राइसवर मद्यपानाचा गुन्हा सिद्ध झालेला नाही आणि डॅलसमध्ये कोणी मरण पावले नाही. परंतु कोणी मरण पावले नाही, यात राइसचे कर्तृत्व काय? समोरच्या गाड्या थोड्या वेगळ्या कोनात असत्या, तर त्याच वेगाने त्याच माणसाच्या हातून मृत्यू घडला असता. असे असताना एकाची नोकरी काही तासांत जाते आणि दुसऱ्याची टिकते. याचा अर्थ, नोकरीचा निर्णय खेळाडूने काय केले यावर झालेला नसून त्यानंतर रस्त्यावर काय घडले, वर्तमानपत्रांत किती आले आणि मैदानावर त्याची किती गरज आहे यांवर झालेला आहे.

माझे मत मी आधीच स्पष्ट करतो. दारू पिऊन गाडी चालवणे, रस्त्यावर शर्यत लावल्याप्रमाणे गाडी पळवणे आणि जखमींना टाकून पळून जाणे, यांपैकी काहीही सिद्ध झाले, तर व्यावसायिक खेळाडूचा करार संपला पाहिजे, आणि हा नियम अपघात होण्याच्या आधी करारात लिहिलेला असला पाहिजे. आपल्याकडे लीग, मंडळे आणि खेळाडूंना नोकरी देणारी सरकारी खाती या सगळ्यांना हा प्रश्न लागू होतो, म्हणून सविस्तर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

प्रवाही:

धागा चांगला आहे, पण मूळ भूमिकेला माझा विरोध आहे. शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम आहे. न्यायालय दंड करते, परवाना रद्द करते, तुरुंगात पाठवते. त्यावर मालकाने पोटावर पाय देणे ही दुसरी शिक्षा होते, आणि तिला ना अपील असते ना मुदत. एखाद्या बँकेतील रोखपालाने सुट्टीच्या दिवशी बेदरकारपणे गाडी चालवली, तर बँक त्याला काढून टाकते का? त्याच्या कामाचा आणि गाडी चालवण्याचा संबंध नाही. एसटीच्या चालकाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याचे कामच गाडी चालवण्याचे आहे आणि प्रवाशांचा जीव त्याच्या हाती असतो. चेंडू झेलणाऱ्या किंवा चढाई करणाऱ्या माणसाच्या हाती कोणाचा जीव असतो?

खेळाडू प्रसिद्ध आहे, एवढ्याच कारणासाठी त्याला इतर नागरिकांहून जास्त शिक्षा द्यावी, हे मला पटत नाही.

मिसुरीवासी:

मी बरीच वर्षे मिसुरी राज्यात राहतो आणि राइसचा संघ ज्या शहरात खेळतो ते याच राज्यात आहे. त्याच्या बाजूने बोलणारे इथे पुष्कळ आहेत. तो तरुण आहे आणि त्याने कबुली देऊन जखमींच्या उपचारांचा खर्च भरायचे मान्य केले आहे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो मी समजू शकतो. पण याच राज्यातील एक जुने प्रकरण मला विसरता येत नाही.

ऑक्टोबर १९९८ मध्ये सेंट लुइस रॅम्सच्या लेनर्ड लिटलने स्वतःच्या वाढदिवसाच्या मेजवानीनंतर दारूच्या नशेत गाडी चालवून ४७ वर्षांच्या एका महिलेचा जीव घेतला. त्याच्या रक्तातील मद्यार्काचे प्रमाण कायदेशीर मर्यादेच्या कितीतरी वर होते. त्याला ९० दिवसांचा तुरुंगवास, चार वर्षांची परिवीक्षा आणि १००० तासांची समाजसेवा अशी शिक्षा झाली. लीगने आठ सामन्यांचे निलंबन केले. तो परत आला आणि २००९ पर्यंत त्याच संघाकडून खेळत राहिला. मधे, २००४ मध्ये, दारू पिऊन गाडी चालवल्याच्या संशयावरून त्याला पुन्हा अटक झाली. ज्यूरीने त्या आरोपातून त्याची मुक्तता केली आणि केवळ वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल दोषी धरले, हेही नोंदवले पाहिजे.

आता याच्या शेजारी त्याच लीगमधल्या डाँटे स्टॉलवर्थचे प्रकरण ठेवा. मार्च २००९ मध्ये मायामी बीचला त्याच्या गाडीखाली एक पादचारी मरण पावला. तोही दारू प्यायलेला होता. पण तो तिथेच थांबला, त्याने पोलिसांना बोलावले आणि तपासाला पूर्ण सहकार्य केले. न्यायालयाने त्याला अवघ्या ३० दिवसांचा कारावास, त्यानंतर दोन वर्षांची नजरकैद आणि परिवीक्षा दिली. लीगच्या आयुक्तांनी मात्र त्याला २००९ च्या पूर्ण हंगामासाठी बिनपगारी निलंबित केले. लिटलला आठ सामने आणि स्टॉलवर्थला पूर्ण हंगाम, आणि दोन्ही घटनांत दारू प्यायलेल्या चालकाच्या हातून एकेक जीव गेलेला. स्टॉलवर्थला क्लीव्हलंड संघाने पुढे सोडले आणि २०१० मध्ये बाल्टिमोरने घेतले.

प्रवाही, तुमचा मुद्दा न्यायालयावर विश्वास ठेवण्याचा आहे. पण ३० दिवसांची शिक्षा देणारे न्यायालयच असेल, तर उरलेला प्रश्न कोणी सोडवायचा?

नोंदवही:

मी सेवाविषयक प्रकरणांत वकिली करते, त्यामुळे आपल्याकडील कायदेशीर बाजू थोडी मांडते. महाराष्ट्रात हा प्रश्न शब्दशः नोकरीचाच आहे, कारण आपले बहुसंख्य चांगले खेळाडू पोलीस, रेल्वे, बँका आणि तेल कंपन्या यांच्या नोकरीत असतात. राज्य शासनाच्या भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना थेट उपजिल्हाधिकारी किंवा पोलीस उपअधीक्षक अशी पदेही मिळालेली आहेत.

अशा खेळाडूला नियम इतर कर्मचाऱ्यांचेच लागू होतात. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ नुसार कर्मचारी ४८ तासांहून अधिक काळ अटकेत राहिला, तर तो निलंबित झाला असे मानले जाते. यालाच आम्ही मानीव निलंबन म्हणतो. या काळात त्याला निर्वाह भत्ता मिळतो. फौजदारी आरोपात दोषसिद्धी झाली, तर संविधानाच्या अनुच्छेद ३११(२) च्या परंतुकानुसार (अपवाद सांगणाऱ्या तरतुदीनुसार) विभागीय चौकशी न करताही त्याला बडतर्फ करता येते. म्हणजे प्रवाही यांनी उदाहरण दिलेला रोखपाल सरकारी सेवेत असता, तर त्याची नोकरी धोक्यात आलीच असती. कामाचा आणि गुन्ह्याचा संबंध असला पाहिजे, अशी अट या परंतुकात नाही.

पण बडतर्फ करता येते याचा अर्थ बडतर्फ केलेच पाहिजे असा होत नाही. १९८५ च्या शंकर दास प्रकरणात तेव्हाचे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी हे फार नेमकेपणाने सांगितले आहे. गाडी लावण्यास मनाई असलेल्या जागी स्कूटर लावली म्हणून दोषी ठरलेल्या कर्मचाऱ्याला बहुधा सेवेतून काढू नये, असे उदाहरण देऊन त्यांनी म्हटले की शिक्षा करण्याच्या अधिकारासोबत न्यायाने वागण्याचे कर्तव्यही येते. स्कूटर चुकीच्या जागी लावणे हे एक टोक आहे आणि रग्जने केले ते दुसरे. यांच्यामध्ये रेषा कुठे ओढायची, हा या धाग्याचा खरा विषय आहे असे मला वाटते.

एक भर घालते. दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एका बसचालकाला परिवीक्षेचा लाभ नाकारला. त्यातील तर्क असा होता की चालकाने मनात साखळी रचू नये: बेदरकारपणे चालवले तरी अपघात होईलच असे नाही, झाला तरी कोणी मरेलच असे नाही, मेले तरी मी दोषी ठरेनच असे नाही, आणि ठरलो तरी न्यायालय सौम्यपणे वागेल. त्या निकालाचा रोख प्रामुख्याने व्यावसायिक चालकांवर होता. माझ्या मते करोडो रुपये कमावणाऱ्या खेळाडूच्या मनातील साखळीला आणखी एक कडी जोडलेली असते. शिक्षा झाली तरी संघ मला ठेवेल, ही ती कडी होय.

चढाई:

मी सांगली जिल्ह्यात मुलांना कबड्डी शिकवतो. या चर्चेत आमच्या मुलांचा विचार झाला पाहिजे. लास वेगासमधील कोट्यधीशाचे नाव घेऊन नियम बनतो आणि तो लागू होतो तो खेळाडू कोट्यातून नुकत्याच लागलेल्या शिपायाला. या मुलांची नोकरी म्हणजे आईवडिलांचे औषधपाणी, बहिणीचे लग्न आणि शेतीवरचे कर्ज असते. गुडघा एकदा गेला की खेळ संपतो आणि नोकरी तेवढी उरते. म्हणून नोकरी जावी असे लिहिताना माझा हात थांबतो.

तरीही मी धागाकर्त्यांच्या बाजूला झुकतो, आणि त्याचे कारण मी पाहिलेले आहे. गावोगावी रात्री उशिरापर्यंत प्रकाशझोतातले सामने चालतात. जिंकलेला संघ रात्री एक-दोन वाजता मोटारसायकलींवरून परत निघतो, एकेका गाडीवर तिघे, डोक्यावर हेल्मेट नाही, आणि काही वेळा कोणीतरी कौतुकाने पाजलेली दारूही पोटात असते. मी ओरडतो, त्या क्षणी मुले ऐकतात आणि पुढच्या सामन्याला विसरतात. मी गाडीची किल्ली काढून घेतली की मंडळाचा एखादा पदाधिकारी ती परत करतो, कारण दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना असतो. तो चांगली चढाई करतो, म्हणून त्याला सगळे माफ होते. ही सवय आम्हीच त्यांना लावतो, आणि पुढे पगार आणि मोठी गाडी आली की ती सुटत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की संघाची आणि मंडळाची जबाबदारी आधी लिहा. सामना संपल्यावर परतीच्या गाडीची सोय कोणी करायची, हे संयोजकांच्या अटींमध्ये असले पाहिजे. एवढे करूनही जो दारू पिऊन गाडीवर बसेल, त्याच्याबद्दल मला सहानुभूती वाटणार नाही.

थेम्सकाठ:

इंग्लंडमधील दोन प्रकरणे इथे महत्त्वाची आहेत, कारण त्यांत नोकरी गेल्यानंतरचा भागही दिसतो.

वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या फुटबॉल क्लबचा आघाडीपटू ली ह्यूज याच्या गाडीने नोव्हेंबर २००३ मध्ये एका गाडीला धडक दिली. त्या गाडीतील एक माणूस मरण पावला आणि ह्यूज घटनास्थळावरून पळून गेला. तो सुमारे दीड दिवसानंतर पोलिसांसमोर आला. तोवर इतका वेळ गेलेला होता की त्याने दारू घेतली होती की नाही, हे रक्त तपासून ठरवणे शक्य नव्हते. ऑगस्ट २००४ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि क्लबने लगेच त्याचा करार संपवला. धागाकर्त्यांनी पळून जाणे हा स्वतंत्र निकष का धरला असेल, ते या प्रकरणावरून समजते. पळून जाणाऱ्याला मद्यचाचणी चुकवण्याचा फायदा मिळतो, आणि जो स्टॉलवर्थप्रमाणे थांबतो त्याच्याविरुद्ध पुरावा तयार होतो. नियमात पळून जाण्याला मद्यपानाइतकेच गंभीर मानले नाही, तर पळून जाणेच शहाणपणाचे ठरेल.

दुसरे प्रकरण लिहिताना आजही मन जड होते. ल्यूक मॅकॉर्मिक हा प्लिमथ अर्गाइलचा गोलरक्षक होता. ७ जून २००८ रोजी पहाटे एम-६ महामार्गावर त्याच्या गाडीची धडक बसून १० आणि ८ वर्षांचे दोन सख्खे भाऊ मरण पावले आणि गाडी चालवणारे त्यांचे वडील गंभीर जखमी झाले. मॅकॉर्मिक मर्यादेच्या दुपटीहून अधिक दारू प्यायला होता. त्याला सात वर्षे चार महिन्यांची शिक्षा झाली, तिचा निम्मा भाग तुरुंगात काढून तो २०१२ मध्ये बाहेर आला, आणि २०१३ मध्ये त्याच क्लबने त्याला परत घेतले. पुढे तो त्या संघाचा कर्णधारही झाला.

शिक्षा भोगलेल्या माणसाला काम मिळू नये, असे मी कधीच म्हणणार नाही. ह्यूजलाही सुटकेनंतर ओल्डहॅमने संधी दिली आणि त्याने पुढे बरीच वर्षे गोल केले. काम मिळणे वेगळे आणि कर्णधारपदाची पट्टी मिळणे वेगळे, असे मला वाटते. ज्याच्या मागे मुलांनी मैदानात चालावे अशी ती जागा असते. प्लिमथने तिथे थांबायला हवे होते.

सावली:

माझ्या दादाचा मृत्यू असाच झाला. रात्रपाळी संपवून तो दुचाकीवरून घरी येत होता आणि मागून भरधाव आलेल्या मोटारीने त्याला उडवले. चालवणारा माणूस प्यायलेला होता. तो खेळाडू नव्हता, एका मोठ्या कंपनीत अधिकारी होता, त्यामुळे माझा अनुभव या धाग्यात कितपत बसतो ते तुम्ही ठरवा.

लोकांना वाटते की आम्हाला सूड हवा असतो. त्याची नोकरी जावी, असे माझ्या आईने एकदाही म्हटले नाही. त्याच्याही घरी लहान मुले होती आणि ते तिला माहीत होते. आम्हाला लागले ते वेगळेच होते. तो जामिनावर सुटला आणि पुढच्याच आठवड्यापासून कामावर जाऊ लागला, आणि त्या कंपनीतील एकाही माणसाने आमच्याशी संपर्क साधला नाही. त्यांच्या दृष्टीने काही घडलेच नव्हते. त्याला वर्षभरासाठी जरी बाजूला ठेवले असते, तरी घडले ते गंभीर होते हे कोणीतरी मान्य केले, असे आम्हाला वाटले असते.

खेळाडूच्या बाबतीत हे किती पटींनी होत असेल, याची मी कल्पना करते. माझ्या दादाला मारणारा माणूस निदान दूरचित्रवाणीवर दिसत नव्हता. त्याने धाव काढली म्हणून शेजारच्या घरातून टाळ्या ऐकू येत नव्हत्या.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट सांगते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मिळते ती बहुतेक वेळा विमा कंपनीकडून. चालक प्यायलेला असेल, तर कंपनी आधी आम्हाला पैसे देते आणि नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करते, असा आदेश होऊ शकतो. यात वर्षे जातात. खेळाडूचा करार ठेवायचाच असेल, तर निलंबनाच्या काळात कापलेला पगार संघाच्या तिजोरीत का जावा? तो थेट पीडितांच्या कुटुंबाकडे गेला पाहिजे.

प्रवाही:

सावली, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. माझ्या पहिल्या प्रतिसादात मी केवळ चालकाच्या पोटाचा विचार केला होता. पगाराबद्दलची तुमची सूचना मला पूर्णपणे मान्य आहे. करार संपवण्याबद्दल मात्र माझी शंका अजून तशीच आहे, कारण तुमच्या आईलाही ते नको होते.

डॅनी हीटली या आइस हॉकी खेळाडूचे उदाहरण देतो. सप्टेंबर २००३ मध्ये अटलांटा शहरात त्याने भरधाव फेरारीवरील ताबा गमावला आणि शेजारी बसलेला त्याचा संघसहकारी डॅन स्नायडर त्या अपघातात गंभीर जखमी होऊन मरण पावला. स्नायडरच्या आईवडिलांनी हीटलीला जाहीरपणे क्षमा केली आणि त्याला तुरुंगात पाठवू नये अशी विनंती न्यायालयाला केली. त्याला तीन वर्षांची परिवीक्षा मिळाली. जिथे मुलगा गमावलेले आईवडील असे म्हणतात, तिथे त्यांच्याहून कठोर होण्याचा अधिकार संघाला कुठून येतो?

मिसुरीवासी:

प्रवाही, स्नायडर कुटुंबाबद्दल मला नितांत आदर आहे. पण क्षमा करणे हा त्यांचा अधिकार होता, आणि त्यांनी तो त्यांच्या वाट्याच्या दुःखापुरता वापरला. रस्त्यावर उद्या येणाऱ्या अनोळखी माणसाच्या वतीने ते क्षमा करू शकत नाहीत. शिवाय क्षमेवर निर्णय सोपवला, तर ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांच्यावरच चाहत्यांचा आणि संघाचा दबाव येईल. या भाराखाली त्यांना आपण ढकलू नये.

क्रीडांगण:

अजून क्रिकेट आले नाही, म्हणून लिहितो. जुलै २०२० मध्ये श्रीलंकेतील पानदुरा येथे कुसल मेंडिसच्या गाडीची धडक बसून ६४ वर्षांचा एक सायकलस्वार मरण पावला. मेंडिसला अटक झाली आणि पुढे जामीन मिळाला. त्या अपघातात दोष कोणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि मी त्याबद्दल काही म्हणत नाही. मला लक्ष वेधायचे आहे ते मंडळाच्या नियमांकडे. वर्षभरानंतर, २०२१ च्या इंग्लंड दौऱ्यात, कोरोनाकाळातील विलगीकरणाचे नियम मोडून डरहममध्ये बाहेर फिरल्याबद्दल मेंडिस, धनुष्का गुणतिलका आणि निरोशन डिकवेला यांच्यावर श्रीलंकेच्या मंडळाने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून एक वर्षाची बंदी घातली. ती पुढे लवकर उठवली गेली आणि २०२३ च्या विश्वचषकात दसुन शनाका जखमी झाल्यावर मेंडिसनेच नेतृत्व केले. मंडळाला कठोर होता येते, हे यावरून दिसते. विलगीकरणासाठी नियम लिहिलेला होता, म्हणून तो लावता आला.

आपल्या मंडळाचेही तसेच आहे. जानेवारी २०१९ मध्ये दूरचित्रवाणीवरील वक्तव्यांबद्दल हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत बोलावून निलंबित केले गेले. मार्च २०१८ मध्ये पत्नीने केलेल्या आरोपांनंतर मोहम्मद शमीचा वार्षिक करार काही आठवडे रोखून धरला गेला. म्हणजे खेळाबाहेरच्या वागणुकीशी आमचा संबंध नाही, असे म्हणण्याची सोय मंडळाला राहिलेली नाही. दूरचित्रवाणीवर बोललेल्या वाक्यासाठी खेळाडू घरी येऊ शकतो, तर मद्यधुंद अवस्थेत गाडी चालवल्यास काय होईल, हेही करारात लिहिलेले असले पाहिजे.

चुकीचा अर्थ निघू नये म्हणून ऋषभ पंतबद्दलही लिहितो. ३० डिसेंबर २०२२ रोजी पहाटे रुरकीजवळ गाडी चालवताना त्याला डुलकी लागली आणि गाडी दुभाजकावर आदळली. जखमी झाला तो स्वतः. थकलेल्या अवस्थेत रात्री एकट्याने गाडी चालवणे धोक्याचे आहे, यात वाद नाही, परंतु या धाग्यातील नियमात ते बसू नये. तिथे मंडळाने चालक देण्याची सोय करावी, एवढेच पुरे आहे.

दक्षिणायन (धागाकर्ता):

सर्वांचे आभार. या चर्चेनंतर माझी मांडणी बदलली आहे, ती लिहितो.

करार संपवण्याचे कारण कृत्य असावे, मृत्यू नव्हे, यावर मी ठाम आहे. १९९५ मध्ये डच फुटबॉलपटू पॅट्रिक क्लायव्हर्टच्या गाडीच्या धडकेत ॲमस्टरडॅममध्ये एक माणूस मरण पावला, त्याला समाजसेवेची शिक्षा झाली आणि त्याची कारकीर्द त्यानंतर बहरली. त्याच वर्षी त्याने आयाक्ससाठी चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यातील विजयी गोल केला होता. गोल करणाऱ्याला एक न्याय आणि राखीव खेळाडूला दुसरा, हे टाळायचे असेल, तर मद्यपान, शर्यत आणि पलायन यांपैकी काहीही सिद्ध होताच करार संपेल, असे स्पष्ट कलम हवे आणि त्यात संघाला स्वेच्छाधिकार नसावा.

सिद्ध होईपर्यंतच्या काळात, म्हणजे आरोपपत्र दाखल झाल्यापासून, खेळाडूने सामने खेळू नयेत. त्याला निर्वाह भत्त्याएवढी रक्कम मिळावी आणि उरलेला पगार सावली यांच्या सूचनेप्रमाणे वेगळा ठेवून पीडितांच्या कुटुंबाला द्यावा. तो निर्दोष सुटला, तर संघाने त्याचे पैसे भरून द्यावेत. कुटुंबाकडून ते परत मागू नयेत.

शिक्षा संपल्यावर त्याने पुन्हा खेळायला माझी हरकत नाही, आणि थेम्सकाठ यांचे कर्णधारपदाबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. आइस हॉकीपटू क्रेग मॅकटॅव्हिश १९८४ मध्ये दारू पिऊन गाडी चालवताना एका तरुणीच्या मृत्यूला कारणीभूत ठरला, त्याने एक वर्षाचा तुरुंगवास भोगला आणि त्यानंतर एडमंटन संघाने त्याला घेतले. त्याची जुनी नोकरी गेलेली होती, शिक्षा पूर्ण झालेली होती आणि नवी संधी दुसऱ्या संघाने विचार करून दिलेली होती. हा क्रम मला योग्य वाटतो.

प्रवाही:

दुसरा परिच्छेद मला मान्य आहे, म्हणजे सिद्ध झाल्यावर करार संपावा हे मी आता मान्य करतो. पण तिसऱ्या परिच्छेदाला माझी ठाम हरकत आहे. आपल्याकडे आरोपपत्रापासून निकालापर्यंत किती वर्षे जातात, हे सावली यांनी लिहिले आहेच. कबड्डीपटूची किंवा धावपटूची उमेदीची वर्षे दहाच्या आसपास असतात. निकाल लागेपर्यंत खेळू दिले नाही, तर निर्दोष सुटूनही त्याची कारकीर्द संपलेली असेल. अमेरिकेत रग्जचा निकाल दोन वर्षांच्या आत लागला. तिथला नियम इथे जसाच्या तसा आणला, तर सिद्ध होण्याआधीच शिक्षा पूर्ण होईल.

नोंदवही:

ही हरकत रास्त आहे आणि तिच्यावर मार्गही आहे. अजयकुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे की दोषारोप बजावल्याशिवाय निलंबन तीन महिन्यांपुढे लांबवू नये, आणि लांबवायचे असेल तर सकारण आदेश काढावा. हेच तत्त्व क्रीडा करारात घेता येईल.

दुसरे म्हणजे, फौजदारी खटला आणि नोकरीतील चौकशी यांचा वेग एक असण्याची गरज नाही. खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. विभागीय चौकशीत संभाव्यता कोणत्या बाजूला अधिक आहे एवढे पाहिले जाते, आणि खटला चालू असतानाही ती सहसा करता येते. त्यातही मद्यपानाचा पुरावा म्हणजे रक्ताचा अहवाल असतो, वेगाचा पुरावा गाडीतील नोंद किंवा रस्त्यावरील कॅमेरा देतो आणि पळून जाण्याचा पुरावा साक्षीदार देतात. यासाठी वर्षे लागत नाहीत. लीगने किंवा खात्याने निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून तीन महिन्यांत निष्कर्ष द्यावा. तो विरुद्ध गेला, तर करार संपवावा आणि खेळाडूला अपिलाची संधी द्यावी. बाजूने गेला, तर खटला चालू असला तरी त्याला खेळू द्यावे.

चढाई यांना एक विनंती. तुम्ही परतीच्या गाडीची जी अट सांगितली, ती जिल्हा संघटनेच्या स्पर्धा-परवानगीच्या अर्जात घालता येईल का?

चढाई:

घालता येईल. परवानगी देताना प्रकाशयोजना, प्रथमोपचार आणि पंचांची राहण्याची सोय हे मुद्दे पाहिले जातात, त्यांत परतीच्या वाहनाची भर घालण्यास फारसा खर्च नाही. बाहेरगावच्या संघांसाठी एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला तरी काम भागते, आणि बक्षिसाची रक्कम थोडी कमी केली तरी तेवढे पैसे निघतात. हंगामापूर्वीच्या बैठकीत मी हा ठराव मांडतो. समितीच्या मुदतीबद्दल मात्र माझे मत नोंदवून ठेवतो: शिपाई किंवा कनिष्ठ पदावरील खेळाडूला त्या चौकशीत वकील किंवा जाणकार सहकारी सोबत नेण्याची मुभा आणि त्याचा खर्च मिळाला पाहिजे. मोठा खेळाडू स्वतःचा वकील आणतो, आमच्या मुलाला आलेली नोटीसही धड वाचता येत नाही.